भारतीय ऑलिंपिक संघाचा जन्म १९२० चा की १९२७ चा? एका गुणावरून भांडण झालंय

फक्कीवाल्या बाई:

नमस्कार मंडळी. मी कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त आमच्या केंद्रातल्या शाळांची प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न मीच काढले होते, त्यामुळे पापही माझ्याच माथी.

अकरावा प्रश्न होता, भारतीय ऑलिंपिक संघाची स्थापना कोणत्या वर्षी झाली? माझ्या उत्तरसूचीत १९२७. नववीतल्या एका मुलीने लिहिलं १९२०, आणि त्या एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा शाळेत हजर. जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले, आवाज मात्र अगदी मऊ. म्हणाले, "बाई, संघच नव्हता म्हणता, तर वीस साली अँटवर्पला आपली पोरं कुस्तीला गेली ती कुणाच्या नावावर?"

मला काही सांगता आलं नाही. चहा पाजला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्यातले तीन गेले.

शिवाय बाराव्या प्रश्नाचाही घोळ आहे. पहिले अध्यक्ष कोण, याला निम्म्या मुलांनी पटियालाचे महाराज लिहिलंय. एका शिकवणीच्या पुस्तकात तसं छापलंय म्हणे. जाणकारांनी मदत करावी.

झटपट:

१९२७. पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. दोन मिनिटांत सापडतं. विषय संपला.

हातघड्याळ:

झटपटराव, विषय आत्ता कुठे सुरू झालाय.

बाई, आधी माझी ओळख देतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पोटापाण्यासाठी मी बँकेत होतो आणि रविवारी, सुट्टीला पुण्यातल्या ॲथलेटिक्स स्पर्धांना वेळाधिकारी. फिनिशपाशी त्या लाकडी पायऱ्यांवर स्टॉपवॉच घेऊन तेहेतीस वर्षं उभा राहिलो. १९९४ ला बालेवाडीत राष्ट्रीय स्पर्धा झाल्या तेव्हाही होतो. इतिहासाचा अभ्यासक नाही. पण एक दशांश सेकंदावरून हमरीतुमरी करायची सवय लागल्यावर सात वर्षांचा फरक सोडून देववत नाही.

गोष्ट सुरू होते डेक्कन जिमखान्यावर. आज पुण्यात हे नाव काढलं की माणसाला बसथांबा आठवतो. संस्था १९०६ ची. खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर आले ते इथेच, १९१४ साली. अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटांना बोलावलेलं. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले, खेळाचं वेड तिकडूनच घेऊन आलेले. मुंबईत शाळांच्या क्रिकेटसाठी, मैदानी स्पर्धांसाठी संघटना बांधण्यात त्यांनी तरुणपणीच हात घातला होता.

पुढे १९२९ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर (आपल्या लातूरशी संबंध नाही) यांना पत्र लिहून ही सगळी हकीकत कळवली. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला गेलो तर उतरलेली पोरं शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, खाणंपिणं बेताचं, असं त्यात आहे. युरोपातले नियम कुणाला ठाऊक नाहीत. मैदान इतकं लहान की शंभर यार्डांची हीट चक्क वळणावरून पळवायचा बेत होता, आणि धावपटूंच्या पट्ट्यांमध्ये दोऱ्यासुद्धा नाहीत.

हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. कारण १९८० च्या दशकात एका तालुक्याच्या गावी शंभर मीटर वळणावरून पळवलेले मी स्वतः पाहिलेत. आतल्या लेनचा मुलगा जिंकला, बाहेरच्याने रडून मैदान डोक्यावर घेतलं, तेव्हा मुख्य पंचांनी निकाल दिला की दोघंही पहिले. माझ्या घड्याळात वेळ मात्र एकच होती!

असो. जिमखान्यावर लांब पल्ल्याच्या शर्यतीत हीच पोरं अनवाणी पळाली आणि त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. युरोपातल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड त्या वेळी हजर होते, त्यांनीही उचलून धरलं. दोराबजींचा मूळ विचार एवढाच, की तीन धावपटू स्वतःच्या खर्चाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला धाडायचे, चांगलं खाऊपिऊ घालायचं, इंग्लंडात शिक्षक लावायचे. पण ही बातमी फुटल्यावर गावातल्या राष्ट्रीय बाण्याच्या मंडळींना चेव आला. पाठवायचे तर तीन कशाला, देशाचा संघच पाठवू. ते पुणं टिळकांचं होतं हे विसरू नका. आणि योगायोग असा की खेळाडू तिकडे असतानाच १ ऑगस्टला टिळक गेले.

गेले सहा जण. धावायला फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे बॅनर्जी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. तुमच्या पैलवान आजोबांना हे नाव माहीत असणारच. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. कांस्याची कुस्ती हरले, नाहीतर खाशाबा जाधवांच्या बत्तीस वर्षं आधीच पदक आलं असतं.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. गेले कुणाच्या नावावर? एका तात्पुरत्या समितीच्या. पैसे जमवणं, निवड चाचणी घेणं, बोटीची तिकिटं काढणं एवढ्यासाठी जमलेली माणसं. दोराबजी मात्र त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झाले, पहिले भारतीय. म्हणजे दार उघडलं १९२० ला, घर अजून बांधायचं होतं.

१९२३-२४ च्या सुमारास अखिल भारतीय अशी एक हंगामी समिती आली. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला देशभरातल्या खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या (आजच्या राष्ट्रीय स्पर्धांचं मूळ तिथे), त्यातून निवडलेले आठ जण पॅरिसला गेले. त्यांच्याबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले मद्रासच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे हॅरी बक. हे बक आणि वायएमसीएचेच डॉ. नोरेन यांनी पुढे प्रांतोप्रांती हिंडून तिथल्या संघटना उभ्या केल्या, आणि १९२७ ला भारतीय ऑलिंपिक संघ रीतसर स्थापन झाला. अध्यक्ष दोराबजी, सचिव नोरेन. टाटांचं नाव सगळे घेतात. रेल्वेच्या डब्यात बसून घटना आणि सभासद-याद्या करणाऱ्या या दोघांचं कुणी घेत नाही. मला ते जास्त जवळचे वाटतात, कदाचित मीही आयुष्यभर याद्याच केल्या म्हणून.

तेव्हा उत्तरसूची चूक नाही. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वेळाधिकारी घड्याळ बंदुकीच्या आवाजावर सुरू करत नाही, धुरावर करतो. आवाज शंभर मीटर येईपर्यंत पाव सेकंदाहून जास्त जातो. १९२७ हा आवाज आहे, नोंदीत तोच लागतो. धूर दिसला १९२० ला, पुण्यात. नववीतल्या पोरीने धूर पाहिला असेल तर मी तरी गुण कापणार नाही.

बाराव्याचं उत्तर मात्र दोराबजीच. पटियालाचे भूपिंदर सिंग दुसरे, १९२८ पासून.

तिसरं गेट:

हातघड्याळ काका, सुरेख. बेळगावातून थोडी भर घालतो. सीमाप्रश्न काढत नाही, घाबरू नका.

फडेप्पा दरेप्पा चौगुले आमच्याकडचे. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. फिनलंडचा कोलेहमाइनन जिंकला आणि चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

आमच्या शाळेतले ड्रिलमास्तर आम्हाला ही वेळ पाढ्यासारखी म्हणायला लावायचे. "दोन पन्नास पंचेचाळीस!" हे कशाचे आकडे आहेत ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं ती मास्तरांची गाडी सुटायची वेळ असावी.

फक्कीवाल्या बाई:

काका, तुमचा धूर मी वर्गात सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते.

आणखी एक. पटियालावरून आठवलं. मुलांसाठी अध्यक्षांचा तक्ता करायला घेतला तर एकाच घराण्याची नावं परत परत येतायत. मी काही चुकीचं वाचत नाहीये ना? आणि खेळाडू कुठे आहेत यात?

हातघड्याळ:

बरोबर वाचताय. भूपिंदर सिंग १९२८ ते ३८. मग थोरले चिरंजीव यादविंदर सिंग १९३८ ते ६०. मग धाकटे भालिंद्र सिंग १९६० ते ७५. मध्ये ओमप्रकाश मेहरा आले, हवाईदलाचे माजी प्रमुख. आणि १९८० ते ८४ पुन्हा भालिंद्र सिंग. बेरीज करा, एका वाड्यात एक्कावन्न वर्षं. इथे थांबेल तर ते घराणं कसलं? भालिंद्रांचे चिरंजीव रणधीर सिंग १९८७ ते २०१२ सरचिटणीस. पंचवीस वर्षं!

पण एकदम नाकं मुरडू नका. भूपिंदर सिंगांनी रणजी करंडक दिला. यादविंदर १९३४ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळलेले, आणि १९५१ चे पहिले आशियाई खेळ दिल्लीत भरवण्यात त्यांचा नि गुरुदत्त सोंधींचा वाटा मोठा. हे सोंधी लाहोरचे प्राध्यापक, संघटनेतलं खरं डोकं. रणधीर सिंग तर स्वतः नेमबाज, पाच ऑलिंपिक खेळलेले, १९७८ च्या आशियाई खेळात सुवर्ण. खेळाची जाण नव्हती असं कुणी म्हणू नये. जाण होती, आणि खुर्ची सोडवत नव्हती, दोन्ही.

राजे संपल्यावर राजकारणी आले. विद्याचरण शुक्ल १९८४ ला. मग दिनतंतीचे शिवंती आदित्यन, ते वृत्तपत्रवाले. आणि १९९६ ला आमच्या पुण्याचे सुरेश कलमाडी.

इथे माझी पंचाईत होते. कारण पुण्यात मॅरेथॉन आणली ती कलमाडींनी, १९८३ पासून. डिसेंबरच्या थंडीत पहाटे पाचला आम्ही त्यांच्यासाठीच स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचो. आणि २५ एप्रिल २०११ ला राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली ती कशाच्या कंत्राटावरून, तर वेळ, गुण आणि निकाल मोजणाऱ्या यंत्रणेच्या! तेहेतीस वर्षं फुकट वेळ मोजणाऱ्या माणसाने त्यावर काय बोलावं? (न्यायाची गोष्ट म्हणून हेही लिहितो, की त्यातल्या मनी लाँडरिंगच्या चौकशीत गुन्हा आढळला नाही असा ईडीचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला.)

त्यानंतरचं तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय समितीने भारताला निलंबित केलं. निवडणूक सरकारच्या क्रीडा संहितेनुसार घेतली, ऑलिंपिक सनदेनुसार नाही, हे कारण. तरी निवडणूक झालीच. अभयसिंह चौटाला बिनविरोध अध्यक्ष, आणि राष्ट्रकुल प्रकरणात तुरुंगात राहून आलेले ललित भानोत बिनविरोध सरचिटणीस. कोडगेपणा म्हणतात तो हा.

भोगलं कुणी? फेब्रुवारी २०१४, सोची. हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले तीन खेळाडू पाच कड्यांच्या झेंड्याखाली चालले. शिवा केशवन ल्यूजच्या, म्हणजे घसरगाडीच्या शर्यतीत बर्फाच्या घळीतून घसरला तेव्हा त्याच्या नावापुढे भारत नव्हतं. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं, पण तोवर त्याची शर्यत होऊन गेली होती. समारोपाला तिरंगा आला खरा. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि बंद केला.

मग एन. रामचंद्रन, मग नरिंदर बात्रा. हॉकी इंडियातल्या आजीव सदस्यत्वाचं पद दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवल्यावर २०२२ मध्ये बात्राही गेले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांना बसवून नवी घटना करून घेतली. तिच्यात मतदारच बदलले. राज्य संघटनांचं मत गेलं आणि नामवंत खेळाडूंना मत मिळालं. सरचिटणीसाच्या जागी पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी.

आणि १० डिसेंबर २०२२ ला पी. टी. उषा बिनविरोध. पहिली स्त्री, आणि ऑलिंपिक खेळून या खुर्चीवर बसलेली पहिली व्यक्ती. पंचाण्णव वर्षं लागली. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये ४०० मीटर अडथळ्यांत तिची वेळ ५५.४२, तिसरीची ५५.४१. हातातल्या घड्याळाने तो फरक दिसलाच नसता, आम्ही दोघींना एकच वेळ लावली असती. तो शंभरावा भाग मला अजून सलतो.

ती आली म्हणून सगळं आलबेल झालं असं समजू नका. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून, पगारावरून अध्यक्ष एका बाजूला आणि कार्यकारी मंडळातले बहुतेक दुसऱ्या बाजूला, असं दीड वर्ष चाललं. पण निदान भांडणाऱ्यांत आता गगन नारंग, मेरी कोम, योगेश्वर दत्त अशी नावं आहेत. भांडण कशावरून आहे ते त्यांना कळतं.

लाल माती:

हातघड्याळ, तुमचं लिखाण आवडलं, पण राजांवर जरा अन्याय होतोय. त्या काळी बोटीचं भाडं, कोट, बूट, राहणं, कोण देणार होतं? सरकार इंग्रजांचं. टाटा आणि संस्थानिक नसते तर ना १९२८ चं ॲमस्टरडॅम झालं असतं ना १९३२ चं लॉस एंजेलिस. १९४८ ला खाशाबांना लंडनला कोल्हापूरच्या महाराजांनीच पाठवलं ना?

हातघड्याळ:

मान्य. पण १९५२ बघा. तोवर संघ पंचवीस वर्षांचा, अध्यक्ष राजे, सरकार आपलं. तरी हेलसिंकीला जायला खाशाबा वर्गणी मागत फिरले आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. पदक देशाचं, गहाणखत मास्तरांचं. मग पदकवीराने परत येऊन कुस्त्यांचे फड मारले आणि कर्ज फेडलं. माझा राग राजे असण्यावर नाही. पैसा देणारा एक, ब्लेझर घालून बोटीत बसणारा दुसरा, हे मी तालुक्यापासून पाहिलंय. एका राज्य स्पर्धेत प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले म्हणून मुलींची पंधराशेची शर्यत भर दुपारी साडेबाराला सोडली होती. दोघी कोसळल्या. पाहुण्यांना शाल मिळाली.

लाल माती:

यावर काही बोलायला नाही. खाशाबांच्या मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या, आमचे आजोबा एका गाडीत होते, हेच आमच्या घरातलं ऑलिंपिक.

फक्कीवाल्या बाई:

मंडळी, निकाल सांगते. मुख्याध्यापकांशी बोलले, अकरावा प्रश्न संदिग्ध धरून दोन्ही उत्तरांना गुण दिला. त्यामुळे पहिला नंबर दोघींत विभागला. ढाल एकच आहे, ती सहा महिने आमच्या शाळेत आणि सहा महिने शेजारच्या. बाराव्याला मात्र पटियालावाल्यांना शून्यच.

आजोबांना बोलावून तुमचं सगळं वाचून दाखवलं. रणधीर शिंद्यांचं नाव आल्यावर मान डोलावली, "माझ्या वस्तादांच्या तोंडून ऐकलंय" म्हणाले. खर्डेकरांच्या घराचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. धुराचं मात्र पटलं नाही. म्हणाले, "बाई, ते तुमच्या पळणाऱ्यांचं. कुस्तीत बंदूक नसते, शिट्टी असते."

हातघड्याळ:

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि ढाल हलवताना पोचपावती घ्या, मी दोन हरवलेल्या पाहिल्यात.